दुसरा अर्थ कुणाचा? श्लेष, सरकार आणि आपली मुंबई



मागच्या खेपेला व्याख्यान संपवून आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा एका श्रोत्याने गाठलं. म्हणाले, "सर, चीनमध्ये म्हणे सरकारने कोट्या करायला बंदी केली. खरं आहे का? आणि शब्दावर बंदी घालतात हे समजू शकतो, पण कोटीवर बंदी घालायची कशी?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही जिन्यातच दिलं. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हाला घरी गेल्यावरही सोडलं नाही. आजचं व्याख्यान त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. सुरुवात चीनपासून करू, पण फार वेळ तिथे थांबायचं नाही. कारण शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाची निम्मीअधिक कागदपत्रं आपल्या फोर्टातल्या हायकोर्टात, गिरगावच्या छापखान्यांत आणि लालबाग-परळच्या तमाशाच्या थिएटरांत पडलेली आहेत.

चीनमधला हुकूम

नोव्हेंबर २०१४ मधली गोष्ट. चीनमध्ये वृत्तपत्रं, नभोवाणी, चित्रवाणी आणि चित्रपट या सगळ्यांवर देखरेख करणारं एक सरकारी खातं तेव्हा होतं. त्याने आदेश काढला की प्रसारणात आणि जाहिरातींत म्हणी व वाक्प्रचार यांच्याशी खेळ करू नये, त्यांतली अक्षरं बदलू नयेत. उदाहरणं मोठी गमतीची होती. चिनी भाषेत 'क्षणाचाही विलंब नको' या अर्थाचा चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे. त्यातलं 'क्षण' हे अक्षर काढून खोकल्याच्या औषधवाल्यांनी तसाच उच्चार असलेलं 'खोकला' हे अक्षर घातलं. कानाला काही फरक नाही, डोळ्याला मात्र जाहिरात दिसते. शान्शी प्रांताच्या पर्यटन खात्यानेही 'सर्वांगसुंदर' अशा अर्थाच्या वाक्प्रचारात आपल्या प्रांताचं अक्षर बसवलं होतं. सरकारचं म्हणणं असं की यामुळे मुलांचा गोंधळ होतो आणि भाषेची शिस्त बिघडते.

आता चिनी भाषेची घडण बघा. सूर बाजूला ठेवले तर त्या भाषेत जेमतेम चारशे वेगवेगळी अक्षरोच्चारणं आहेत. एकेका उच्चाराला डझनावारी अर्थ. त्यामुळे तिथला लोकाचारच श्लेषावर उभा आहे. नववर्षाला दारावर 'सुबत्ता' हे अक्षर मुद्दाम उलटं चिकटवतात, कारण 'उलटं' आणि 'आलं' या दोन शब्दांचा उच्चार सारखाच. म्हणजे सुबत्ता उलटी झाली असं म्हटलं की सुबत्ता आली! सणाच्या जेवणात मासा हवा, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' यांचा उच्चार एक. अशा भाषेत कोटी थांबवायची म्हणजे बोलणंच थांबवायचं.

जाहिरातींच्या मागे आणखी एक कारण होतं असं बऱ्याच जाणकारांना वाटलं. 'सुसंवादी समाज' ही तिथल्या सत्तेची २००४ पासूनची घोषणा. इंटरनेटवरचा मजकूर पुसला गेला की लोक उपरोधाने म्हणू लागले, 'त्याचा सुसंवाद झाला.' मग 'सुसंवाद' या शब्दावरच नजर बसली. तेव्हा लोकांनी जवळजवळ तसाच उच्चार असलेला 'नदीतला खेकडा' हा शब्द वापरायला सुरुवात केली. बिचाऱ्या खेकड्याचा काय गुन्हा? पण खेकड्याचीही चौकशी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या इंटरनेट-प्रशासनाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून इंटरनेटवरची भाषा 'शुद्ध' करण्याची मोहीमच काढली. चीनचं इथवर पुरे.

कोटी कळावी लागते

आता आपल्या घरात येऊ. मराठीत 'कोटी' या शब्दाचेच दोन अर्थ आहेत. म्हणून पु. ल. देशपांड्यांना 'कोट्यधीश' म्हणताना कुणाला आयकराची आठवण होत नाही. शाळेत आपण शिकलो की एका शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष. पण श्लेष ही फक्त वरची पायरी. आपल्या साहित्यशास्त्राने अर्थाचे तीन थर सांगितले: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधा म्हणजे शब्द जे सरळ सांगतो ते. व्यंजना म्हणजे शब्द न बोलता जे सुचवतो ते. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' हा ग्रंथ या सुचवण्यावरच लिहिला. आणि आपण अभिमानाने लक्षात ठेवावं असं म्हणजे, त्याने दिलेलं एक पहिलं उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथेचं आहे, गोदावरीच्या काठचं.

प्रसंग असा. एक स्त्री आपल्या प्रियकराला नदीकाठच्या झुडपांत भेटते. एक धार्मिक गृहस्थ रोज तिथे फुलं तोडायला येतो, त्यामुळे अडचण. ती त्याला म्हणते की महाराज, आता खुशाल फिरा. तुम्ही ज्या कुत्र्याला भीत होता त्याला झाडीतल्या सिंहाने मारलं. शब्दांत परवानगी आहे, अर्थात मनाई. आता समजा त्या गृहस्थाने फिर्याद केली की या बाईने मला धमकावलं. न्यायाधीश काय म्हणणार? तिने तर 'खुशाल फिरा' म्हटलंय.

आजच्या विषयाची किल्ली इथे आहे. अभिधा कागदावर सापडते, पुराव्यात दाखल करता येते. व्यंजना ऐकणाऱ्याच्या मनात पुरी होते. ती पकडायची तर पकडणाऱ्याला आधी ती कळावी लागते, आणि कळली हे कबूल करावं लागतं. कोटीवर बंदी घालणाऱ्या सरकारला तो दुसरा अर्थ स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कागदावर उच्चारावा लागतो. मुंबईत हे सव्वाशे वर्षांत पुनःपुन्हा घडलं आहे.

१८९७: महाराज बोलले, टिळक तुरुंगात गेले

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' नावाची कविता आली. खाली कवीचं नाव नाही. भवानी तलवारीची निशाणी म्हणून सही. महाराज जागे होतात, देशाची अवस्था पाहतात आणि खंत करतात, असा तिचा आशय. त्याच अंकात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातली अफझलखान वधाची चर्चाही होती. पुण्यात प्लेगचे दिवस होते. एका आठवड्याने, २२ जूनला, रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि सप्टेंबरात हायकोर्टात न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला.

खटल्यातला पेच बघा. कवितेत इंग्रज सरकारविरुद्ध शस्त्र घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही. सतराव्या शतकातला राजा बोलतो आहे. सरकार पक्षाला सिद्ध करायचं होतं की 'तेव्हा' म्हणजे 'आता'. आणि कायद्यातला शब्द होता 'डिसअफेक्शन'. त्याला मराठीत 'अप्रीती' म्हणत. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झालं! मंडळी, उपसर्गाचा हा असा अर्थ एखाद्या विद्यार्थ्याने तर्कशास्त्राच्या पेपरात लावला असता तर आम्ही गुण कापले असते. शत्रुत्व आणि प्रेम नसणं यांत केवढं अंतर आहे! समोरच्या इमारतीतल्या माणसावर आमचं प्रेम नाही, याचा अर्थ त्याच्याशी आमचं वैर आहे असा होत नाही. पण ज्यूरीतले सहा युरोपीय 'दोषी' म्हणाले, तिघे भारतीय 'निर्दोष' म्हणाले, आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढे मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून ज्यांनी अर्ज केला त्यांत संस्कृतचे पंडित मॅक्समुल्लर होते. शब्दांचा पसारा त्यांना ठाऊक होता.

शब्दांशी खेळल्याचा आरोप ज्याच्यावर होता त्याला शिक्षा झाली ती न्यायासनाने केलेल्या शब्दाच्या अर्थावर. वर्षभरात, १८९८ साली, सरकारने कलमच दुरुस्त केलं आणि अप्रीतीत बेइमानी व शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असा खुलासा त्यात घातला.

१९०८ च्या खटल्यात हाच पेच भाषांतराच्या रूपाने परत आला. लेख मराठीत, ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, सुमारे एकवीस तास बोलले, आणि त्यातला मोठा भाग शब्दांवर खर्च केला. सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दाला जो इंग्रजी शब्द दिला त्यात मूळचा भाव राहिला नाही, मला माझ्या मराठीवरून जोखा, हा त्यांचा मुद्दा. ज्यांना मराठी येत नाही ते मराठीतल्या सूचकतेचा न्याय करत होते. सात विरुद्ध दोन असा कौल पडला, न्या. दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. गिरणगावातल्या कामगारांना मात्र कुणी भाषांतर करून द्यावं लागलं नाही. वर्षाला एक दिवस या हिशेबाने त्यांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. अर्थ कुणापर्यंत पोहोचला होता ते रस्त्यावर दिसलं.

कीचक कोण?

या दोन खटल्यांच्या मधल्या काळात, १९०७ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. कथा महाभारतातली. अज्ञातवासातली द्रौपदी विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राहते, कीचक तिच्यावर डोळा ठेवतो, धर्मराज धीर धरा म्हणतो, आणि शेवटी भीम कीचकाला मारतो. यात नवीन काय? आपल्या आजीनेही हीच गोष्ट सांगितली होती.

पण प्रेक्षक बंगालच्या फाळणीनंतरचे होते. त्यांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीच्या जागी देश, धर्मराजाच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल. नाटक तुफान चाललं. सरकार सुमारे तीन वर्षं चुळबुळत राहिलं. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, तोही 'शारदा' नाटकाच्या प्रयोगात. त्यानंतर १९१० च्या सुरुवातीला 'कीचकवधा'वर बंदी आली. हत्यार तयारच होतं: १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. बदनामीकारक, अप्रीती चेतवणारा किंवा प्रेक्षकांना बिघडवणारा प्रयोग बंद करायचा अधिकार त्याने सरकारला दिला होता.

आता आमची सगळ्यात आवडती गोष्ट. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी या नाटकाबद्दल सविस्तर लिहिलं. कर्झनचं नाव नाटकात एकदाही येत नाही हे त्यांनी मान्य केलं, आणि मग पात्रागणिक खुलासा केला की हा अमुक, ही तमुक. म्हणजे खाडिलकरांनी जे लिहिलं नव्हतं ते चिरोलसाहेबांनी छापलं! महाभारतातल्या सगळ्यांत नीच पात्रांपैकी एकाच्या शेजारी आपल्या व्हाइसरॉयचं नाव कागदावर ठेवलं ते सरकारच्या बाजूच्या माणसाने. ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं त्यांनाही ते आता कळलं.

याच हिवाळ्यात, १९१० साली, नवा प्रेस कायदा आला. त्याचं चौथं कलम वाचताना आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. सरकारविरुद्ध द्वेष पसरवणारे शब्द नुसते सरळ असोत वा आडवळणाने असोत, मग ते अनुमानाने असोत, सूचनेने, अप्रत्यक्ष उल्लेखाने, रूपकाने, ध्वनिताने किंवा आणखी कोणत्या रीतीने असोत, त्यांवर कारवाई करता येईल असं ते कलम सांगतं. अहो, हे तर अलंकारशास्त्राचं प्रकरण झालं! मम्मट काय, आनंदवर्धन काय, ज्यांनी काव्याचे गुण म्हणून सांगितले तेच इथे अपराधाचे प्रकार म्हणून क्रमाने लावले आहेत. शेवटचे शब्द बघा, 'आणखी कोणत्या रीतीने'. यादी कधी पुरी होत नाही हे यादी करणाऱ्यालाही कळलं होतं. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. खाडिलकरांनी त्यानंतरच्याच वर्षी 'नवाकाळ' सुरू केला. त्यांचं नाव आज गिरगावातल्या एका रस्त्याला आहे.

आपलं सरकार, आपला तमाशा

तुम्ही म्हणाल, ते परक्यांचं राज्य होतं. ठीक. स्वातंत्र्यानंतर काय झालं ते बघू.

मुंबई सरकारने पहिल्या काही वर्षांतच तमाशातल्या अश्लीलतेवर बडगा उगारला. संहिता आधी दाखवा, मंजूर करून घ्या, मग प्रयोग करा, अशी अट आली. आता तमाशा कसा चालतो ते लालबागच्या हनुमान थिएटरात ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. बतावणी ही लिहून आणायची गोष्टच नाही. सोंगाड्या समोरचा प्रेक्षक बघतो, सकाळचं वर्तमानपत्र आठवतो, आणि तिथल्या तिथे शब्द फिरवतो. संहितेत 'पाटील' लिहिलेलं असतं; तो 'पाटील' कसा म्हणतो, कुठे थांबतो, कुणाकडे बघतो, यात सगळं. थांबण्यावर शिक्का कसा मारणार? शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक हाच तमाशा कामगारवस्तीत घेऊन फिरत होतं. 'तमाशा'वर संक्रांत आली तेव्हा अण्णाभाऊंनी 'लोकनाट्य' हा शब्द पुढे केला, असं सांगतात. चीनमधल्या खेकड्याची आठवण होते की नाही? शब्द अडवला की शेजारचा शब्द धावून येतो.

नाटकांची तपासणी पुढे परिनिरीक्षण मंडळाकडे गेली. १९७२ मध्ये तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' तिथे अडकलं आणि कमलाकर सारंग हायकोर्टात गेले. ती लढाई श्लेषाची नव्हती, म्हणून इथे फक्त उल्लेख. मात्र संहिता आधी दाखवण्याची सक्ती अजूनही वादात आहे. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी तिला याच हायकोर्टात आव्हान दिलं.

आणीबाणी, आणि आमची एक काट

२६ जून १९७५ ला वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. दोनच दिवसांनी बोरीबंदरच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत निधनाच्या छोट्या जाहिरातींत एक जाहिरात आली. गृहस्थांचं आडनाव ओक्रसी, आद्याक्षरं डी. ई. एम. पत्नीचं नाव टी. रूथ, मुलाचं नाव एल. आय. बर्टी. आणखी आप्तांची नावं श्रद्धा, आशा आणि न्याय या अर्थांची. निधन २६ जूनचं. आद्याक्षरं आडनावाला जोडून वाचा: डेमोक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. तपासनीस अग्रलेख भिंगातून बघत होते, निधनवार्ता कोण बघतो? 'फ्रीडम फर्स्ट' या मुंबईच्या मासिकाच्या बाबतीत मिनू मसानी हायकोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी जिंकले. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे तपासनिसाचं काम नव्हे, अशा आशयाचं न्यायालयाने सुनावलं. ते वर्ष लक्षात घेता हा निकाल धैर्याचा होता.

आता धैर्य नसलेल्यांची हकिगत.

आम्ही तेव्हा पंचविशीत होतो, मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात नुकते लागलो होतो, आणि वार्षिक अंकाचं संपादन आमच्या गळ्यात पडलं होतं. परळच्या चाळीत राहणाऱ्या, एका गिरणी कामगाराच्या मुलाने लेख दिला होता. विषय गावाकडची वसुबारस. साधा, चांगला लेख. शेवटी दोन वाक्यं होती. गाय आमची सगळ्यांची, पण वासरू भारी उधळलंय, दुसऱ्याच्या दावणीतला चारा खातं आणि कुणी हाकललं तर गाय शिंगं रोखते, अशा आशयाची.

तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. गाय-वासरू हे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचं निवडणूक चिन्ह होतं, आणि गाय कोण, वासरू कोण, हे पानाच्या ठेल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. वरून कागद आला नव्हता. प्राचार्यांनी बोलावलं नव्हतं. आम्ही लाल पेन घेतलं आणि ती दोन वाक्यं कापली. अंक निघाल्यावर तो मुलगा आमच्या खोलीत आला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सर, तुम्हाला त्यात काय दिसलं?"

उत्तर द्यायचं म्हणजे दुसरा अर्थ आम्हीच उच्चारायचा. आम्ही म्हटलं, "जागा पुरली नाही." तो 'बरं' म्हणाला आणि गेला. मराठीत 'आम्ही' हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात माणसाला लपता येतं. म्हणून स्पष्ट सांगतो: ती काट मारणारे 'आम्ही' एकटेच होतो. चिरोलने निदान कर्झनचं नाव घेतलं. आमच्याकडून तेवढंही झालं नाही.

दादांचं काय करायचं?

इथवर सगळे आमच्या बाजूने असणार. टिळक, खाडिलकर, अण्णाभाऊ यांच्या बाजूने उभं राहणं सोपं आहे. आता अवघड भाग. दादा कोंडके.

नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेला हा माणूस. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने त्यांना रंगभूमीवर नाव दिलं, १९७१ च्या 'सोंगाड्या'ने पडद्यावर. दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये त्यासाठी केवढं रण माजलं ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. पुढच्या चित्रपटांची नावं आम्ही इथे उच्चारत नाही, कारण ती तुम्हाला पाठ आहेत. आणि आत्ता जे हसले त्यांनीच आमचा मुद्दा सिद्ध केला! 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' यात आक्षेपार्ह शब्द कोणता? अंधार, रात्र, दिवा की हात? वाळकेश्वरच्या सेन्सॉर कचेरीत बसलेल्या माणसाला आक्षेप घ्यायचा तर आधी सांगावं लागणार की मला यात अमुक ऐकू आलं.

केंद्र सरकारने १९९१ साली चित्रपटांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत थेट लिहिलं आहे की हीन प्रवृत्तींना उघडपणे चाळवणारे द्व्यर्थी शब्द चालणार नाहीत. म्हणजे चीनच्या तेवीस वर्षं आधी शब्दखेळावरचा लेखी निर्बंध आपल्याकडे होता. त्यातला 'उघडपणे' हा शब्द आम्हाला फार आवडतो. जे उघड आहे ते द्व्यर्थी कसं? आणि जे द्व्यर्थी आहे ते उघड कसं? फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी वर्ज्य शब्दांची यादीच काढली, तीत कोणत्याही प्रकारचे द्व्यर्थी शब्दही होते. मंडळातल्याच सदस्यांचा विरोध झाला आणि यादी थांबली.

पण हसून हा प्रश्न सुटत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाई गिरणीत कामाला जात. त्या सांगायच्या की नवा चित्रपट लागला की आठवडाभर त्यातली वाक्यं फाटकापाशी त्यांच्या अंगावर यायची. कोटी विनोदी होती, पण तिचा निशाणा ठरलेला होता. जातीवरून केलेल्या कोट्यांचंही तेच. व्हाइसरॉयवरची कोटी वर जाते, कामाला चाललेल्या बाईवरची खाली पडते. दोन्हींना एकाच तराजूत घालून 'अभिव्यक्ती' म्हणणं आम्हाला प्रामाणिक वाटत नाही.

मग बंदी योग्य का? आमचं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण न्यायाचं आहे. १८६० च्या दंडसंहितेत बदनामीच्या कलमाखाली एक स्पष्टीकरण होतं: उपरोधाने केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो. म्हणजे कायदा व्यंजनेला बहिरा कधीच नव्हता. पण तिथे ज्याला लागलं तो पुढे येतो, उघड न्यायालयात सांगतो की या शब्दांचा हा अर्थ निघतो आणि तो मला लागला, आणि ते सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर असतं. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. त्या बाईंचं दुःख तिथे मांडता येतं, सभेत मांडता येतं, आणि समोरच्याला 'मी तसं म्हणालोच नाही' या पडद्यामागून बाहेर ओढता येतं. पूर्वतपासणीत दुसरा अर्थ कुणी सिद्ध करत नाही. बंद खोलीत कुणाला तरी तो ऐकू येतो, आणि शिक्षा बोलणाऱ्याला होते. काही दिवसांनी ती खोली आपल्याच डोक्यात उघडते आणि लाल पेन आपल्याच हातात येतं. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

जिन्यात भेटलेले गृहस्थ आज आलेले दिसतात. तुमचा प्रश्न होता, कोटीवर बंदी घालायची कशी? कोटीवर घालता येत नाही. ती घातली जाते ऐकणाऱ्यावर, आणि त्याने ती मान्य केली तरच चालते. १९१० मध्ये प्रेक्षकांनी ती मान्य केली नाही. १९७६ मध्ये आम्ही, कुणी न सांगता, मान्य केली.

तो मुलगाही आता सत्तरीच्या घरात असेल. कदाचित हे व्याख्यान इंटरनेटवर वाचेल. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. जागा भरपूर होती, अर्धं पान कोरं गेलं. आम्हाला त्यात तेच दिसलं होतं जे तू लिहिलं होतंस.

 आता प्रश्न विचारा. कोट्यांनाही परवानगी आहे.